वसुधाबाई आणि फायरबंद

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या वसुधाबाई बोलता बोलता मध्येच थांबतात, उजव्या हाताची करंगळी वर करतात आणि म्हणतात, "तळटीप." मग पुढचं वाक्य आवाज बारीक करून बोलतात. पुस्तकात पानाच्या तळाशी बारीक अक्षरात मजकूर असतो ना, तसा. गणपतीत आरती झाल्यावर मला म्हणाल्या, "काका, आवाज खणखणीत आहे हो तुमचा." करंगळी वर. "तळटीप. दुसरं कडवं तुम्ही दोनदा म्हटलंत आणि तिसरं म्हटलंच नाहीत."

मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे असंच म्हणतात. तर म्हणाल्या, "क्वेले?"

क्वेले म्हणजे जर्मन भाषेत मूळ आधार. कुठून आणलंत, कोणी सांगितलं, कागद आहे का. हा शब्द त्या दिवसातून इतक्या वेळा म्हणतात की माझी सून स्नेहल त्यांच्या पाठीमागे त्यांना क्वेलेबाई म्हणते. स्नेहलनं पुरणपोळी वाढली आणि सांगितलं की ही आमच्या आजीची पद्धत, तर बाईंनी घास तोंडात असताना विचारलं, "लेखी की तोंडी?" स्नेहल म्हणाली तोंडी, आईनं सांगितली. बाई म्हणाल्या, "म्हणजे तोंडी, आणि तीही दुसऱ्या हातची." मग तीन पोळ्या खाल्ल्या.

या बाई बावन्न वर्षांच्या. इथे जर्मनीत, बॉनमध्ये वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम केलं. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून काढायच्या, हे त्यांचं काम. पाच वर्षांपूर्वी नवरा गेला. मुलगी शिकायला दुसऱ्या गावी, आखनला. ती फोनवर आईचं मराठी ऐकते आणि उत्तर जर्मनमध्ये देते, तेही दोन मिनिटांत. तर या बाईंनी एक दिवस नोकरी सोडली आणि विद्यापीठात इतिहासाच्या एम.ए.ला नाव घातलं. वर्गातली पोरं त्यांच्या मुलीच्या वयाची. मी माझ्या मुलाला, महेशला म्हणालो, या वयात इतिहास शिकायचा कशाला, आपण स्वतःच इतिहास झालेलो असतो. महेश म्हणाला, "बाबा, त्यांच्यासमोर बोलू नका, पुरावा मागतील."

मी स्वतः चौथी पास. म्हणजे चौथीपर्यंत होतो, पास झालो की नाही याचा कागद आता शाळेतही नसेल. पण पिंपरीच्या कारखान्यात अडतीस वर्षं भट्टीवर काढली. लोखंड कोणत्या रंगाला आलं की किती तापलं, हे मी काटा न बघता सांगायचो आणि इंजिनियर नंतर काटा बघून मान हलवायचे. त्यामुळे शिकलेल्या माणसांचा मला धाक नाही. वसुधाबाईंचाही नव्हता.

एक दिवस पार्सलवाला आला. संध्याकाळचे पाच वाजले असतील. आमचंच शेवटचं घर होतं त्याचं. सही घेतली आणि जाताना काहीतरी म्हणाला, त्यातला "फायराबेंट" एवढाच शब्द मला कळला. मीही हात वर करून म्हणालो, "हां, फायरबंद." तो हसला आणि गेला. वसुधाबाई रिकाम्या काचेच्या बाटल्या टाकायला जिना उतरत होत्या. तिथेच थांबल्या.

"काका, काय म्हणालात?"

"फायरबंद."

"म्हणजे?"

म्हटलं, म्हणजे सुट्टी. काम संपलं. आमच्या कारखान्यात पाळी संपायला आली, की भोंग्याच्या आधी कोणीतरी ओरडायचं, फायरबंद. भट्टी बंद, फायर बंद, सरळ आहे. माझी बायको तर घरीसुद्धा म्हणायची. लग्नात शेवटची पंगत उठली की, "चला, झालं फायरबंद."

बाईंनी बाटल्या पायरीवर ठेवल्या. "काका, फायराबेंट हा जर्मन शब्द आहे. दिवसाचं काम संपल्यावरची वेळ. तुमच्या कारखान्यात कोणी जर्मन होता का?"

मी म्हटलं, होता, पण शब्द आमचा आहे. त्यानं इकडे नेला असेल.

हे मी त्यांना दोन महिने ऐकवलं. त्यांनी जाडजूड शब्दकोश आणून दाखवला. मी म्हटलं, पुस्तक छापणाऱ्यानं पिंपरीला येऊन विचारलं होतं का? त्यावर त्यांच्याकडे क्वेले नव्हता. शेवटी मीच मोठ्या मनानं म्हटलं, बरं, निम्मा निम्मा.

तर त्यांच्या प्रबंधाचा विषयच तो निघाला. जर्मन यंत्रांबरोबर जर्मन कारागीर आपल्याकडे आले, त्यांच्याकडून आपल्या कामगारांनी काय उचललं. कागद त्यांनी ढीगभर जमवले होते. बोलणारा माणूस मिळत नव्हता, तो त्यांच्याच पायाखाली राहत होता. माझ्याकडे यायला त्यांनी टेर्मिन घेतली, म्हणजे आधी ठरवून वेळ. जिन्याच्या अकरा पायऱ्या उतरून यायच्या, त्याला टेर्मिन. दर शनिवारी चार ते सहा.

शनिवारी चारच्या ठोक्याला बेल वाजायची. हातात आवाज टिपणारं यंत्र, त्याचा लाल दिवा लागला की बोलायचं. आणि शिसपेन्सिल. जुन्या कागदांच्या दालनात शाईचं पेन नेऊ देत नाहीत, म्हणून बाईंनी घरातलीही सगळी पेनं काढून टाकलीत. मी कारखान्याचा जुना गेटपास दाखवला, तर पिशवीतून पांढरे हातमोजे काढून घातले आणि मग हातात घेतला. अडतीस वर्षं तो पास माझ्या घामानं भिजलेल्या खिशात होता, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी तेही लिहून घेतलं.

सहा वाजता चर्चची घंटा झाली की मी म्हणायचो, "चला, फायरबंद." त्या लगेच उठायच्या. थोड्या वेळानं वरून खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. एकाच खुर्चीचा.

आता जे सांगतो ते सांगायला मला जड जातं, पण सांगतो. बाईंनी विचारलं, शब्द पहिल्यांदा कोणाच्या तोंडून ऐकलात? मी म्हटलं, खुद्द श्मिट साहेबाच्या. भट्टी बसवायला आला होता जर्मनीहून. संध्याकाळी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, फायरबंद. बाईंनी ते शब्दन्‌शब्द लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. मला फार बरं वाटलं.

यात श्मिट साहेब खरा, हात खरा, खांदा दगडू पवारांचा. दगडू पवार आमचे मुकादम, साताऱ्याकडचे. मी कामाला लागलो तेव्हा साहेबाला जाऊन दीड वर्ष झालं होतं. ही गोष्ट मी दगडूकडून ऐकली आणि दगडू वारल्यावर केव्हा माझी करून टाकली, ते माझं मलाही आठवत नाही. महेश या गोष्टीवर मोठा झाला. बापाच्या खांद्यावर जर्मन साहेबाचा हात होता, म्हणून आपण जर्मनीला जायचं, असं त्यानं शाळेच्या निबंधात लिहिलं होतं.

प्रबंध द्यायला महिना उरला असताना बाई एक कागद घेऊन आल्या. म्हणाल्या, "प्राध्यापक म्हणतात, हे पूर्ण प्रकरण एका माणसाच्या साक्षीवर उभं आहे. साक्ष खोटी निघाली तर प्रकरण गेलं, आणि मीही नापास. मी म्हटलं, आमचे काका तसे नाहीत. तर इथे फक्त सही करा. मी स्वतः पाहिलं आणि स्वतः ऐकलं, एवढंच लिहिलंय."

मी म्हटलं, चष्मा सापडत नाही. चष्मा नाकावर होता. बाईंनी बघितला आणि कागद परत पिशवीत ठेवला. पुढच्या शनिवारी म्हटलं, हात दुखतो. दोन आठवडे मला जेवण गोड लागलं नाही. सही येते मला, नाव आणि आडनाव दोन्ही, आणि आजवर खोट्या कागदावर ती केलेली नाही. पण खरं सांगावं तर स्वयंपाकघरात महेश भांडी घासत असणार, दार उघडं असणार.

तिसऱ्या शनिवारी लाल दिवा लागला आणि मी बोललो. खांदा माझा नव्हता. साहेब मी पाहिलाच नाही. दगडू पवारांचं आहे ते सगळं.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "तुम्ही लागलात तेव्हा श्मिटना जाऊन दीड वर्ष झालं होतं?"

"हो."

"आणि शब्द चालू होता?"

"रोज. नवीन पोरांना तर साहेब कोण तेही माहीत नव्हतं."

बाई उठल्या, टेबलाभोवती एक चक्कर मारली, परत बसल्या. "गेनाऊ," म्हणाल्या. म्हणजे अगदी बरोबर. "काका, माणूस गेल्यावर शब्द राहिला, मला हेच तर दाखवायचं होतं. तुम्ही साहेबाला पाहिलं असतंत तर हे दाखवताच आलं नसतं."

मी म्हटलं, "म्हणजे दोन आठवडे मी उगाच उपाशी राहिलो."

"तळटीप," त्या म्हणाल्या, करंगळी वर, आवाज बारीक. "चष्मा नाकावर होता तेव्हाच मला कळलं होतं की काहीतरी आहे. तुम्ही स्वतः सांगाल म्हणून थांबले. नसतं सांगितलं तर ते प्रकरण मी काढून टाकणार होते."

महेश ओले हात पुसत दारात आला. आता काय म्हणतो, म्हणून मी टेबलाकडे बघत बसलो. तर म्हणाला, "बाबा, दगडूकाकांनी मला लहानपणीच सांगितलं होतं, साहेबाचा हात त्यांच्या खांद्यावर होता. मी समजलो, साहेबाला दोन हात असतील." आणि चहा ठेवायला आत गेला.

बाई पास झाल्या, चांगल्या मार्कांनी. बांधलेला प्रबंध घेऊन खाली आल्या आणि पान उघडून दाखवलं. सगळं जर्मन, पण पानाच्या तळाशी दोन नावं मला लागली. आधी दगडू पवार, मग मी. मी म्हटलं, इतक्या बारीक अक्षरात? दगडू चांगला सहा फुटी होता. म्हणाल्या, "तळटीप बारीकच असते, काका. परीक्षक आधी तीच वाचतात." मी ते पान स्नेहलकडून मोठं करून छापून घेतलंय. एक प्रत साताऱ्याला दगडूच्या मुलीकडे पाठवली.

स्नेहल म्हणाली, चला, सुटलात, आता शनिवार मोकळा. मी हो म्हटलं. त्या शनिवारी मी दुपारीच दाढी केली आणि टेबलाशी बसलो, उगाच, पेपर वाचत.

चारच्या ठोक्याला बेल वाजली. बाई दारात, हातात यंत्र आणि पेन्सिल. "काका, एकदोन प्रश्न राहिलेत. प्रबंधाच्या बाहेरचे." मी म्हटलं, बसा.

त्यांनी यंत्र मधे ठेवलं आणि विचारलं, कँटीनमध्ये वाटाण्याची उसळ कोणत्या वारी असायची. हे मी त्यांना आधी दोनदा सांगितलं होतं. यंत्राकडे पाहिलं तर लाल दिवा लागलेला नव्हता. पेन्सिलीलाही टोक नव्हतं. मी तिसऱ्यांदा सांगितलं, आणि या वेळी जरा सविस्तर, आचाऱ्याच्या मिशीपासून. दोन तासांत बाईंनी एकदाही क्वेले विचारला नाही.

चर्चमध्ये सहाची घंटा झाली. बाईंनी यंत्र पिशवीत ठेवलं, जिन्यातल्या थंडीसाठी आणलेला कोट मांडीवर घेतला आणि सवयीनं माझ्या तोंडाकडे बघत थांबल्या.

मी म्हटलं, "ही झाली मंगळवारची उसळ. शुक्रवारची वेगळी होती."

त्यांनी कोट परत खुर्चीला लावला.