कोंबूच्या गालावरचा जन्मजात ठिपका

एका जंगलात रस्ता नव्हता, दवाखाना नव्हता, पण रेंज मात्र फुल्ल होती.

मुलांनो, अशा जंगलात काय होतं? अशा जंगलात सगळे एकमेकांचे फोटो बघतात. बघतात आणि जळतात.

तिथल्या एका जांभळाच्या झाडावर माकडांचं एक कुटुंब राहत होतं. बापाचं नाव फांदेराव. आईचं नाव डहाळी. फांदेरावांची आई म्हणजे खोडाआजी. आणि या तिघांच्या डोक्यावर बसलेला नऊ महिन्यांचा कोंबू. कागदावर त्याचं नाव अंकुर होतं, पण कागदावरच्या नावाने कोणी बाळाला हाक मारतं का?

एके दिवशी समोरच्या पळसावरची खार सहकुटुंब परदेशी जाऊन आली. तिने बर्फात काढलेले एकशे चाळीस फोटो टाकले. सगळ्या फोटोंत तिची पिल्लं भोकाड पसरून रडत होती. पण मागे बर्फ होता.

फांदेरावांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

"आपणही जाऊ," ते म्हणाले. "कोंबूला घेऊन."

"त्याला काय कळणार आहे?" डहाळी म्हणाली. "अजून त्याला स्वतःची शेपटी कुणाची आहे ते कळत नाही. काल दिवसभर तिच्यावर चिडला होता."

"मोठा झाल्यावर फोटो बघेल की."

"मग मोठा झाल्यावरच नेऊ."

"तोवर बर्फ वितळेल," फांदेराव म्हणाले. "आणि तुलाही जरा आराम मिळेल."

या शेवटच्या वाक्यावर डहाळीच आधी वितळली. मुलांनो, नऊ महिने सलग न झोपलेल्या आईसमोर 'आराम' हा शब्द उच्चारून बघा. ती तुमच्यामागे विहिरीतसुद्धा उतरेल.

आता या घरात एक युद्ध चालू होतं, ते तुम्हाला सांगायला हवं. ते तिटेचं युद्ध होतं.

रोज सकाळी कोंबूची आंघोळ झाली की खोडाआजी बटव्यातून काजळाची डबी काढायची. करंगळीने त्याच्या डाव्या गालावर ज्वारीच्या दाण्याएवढी तीट लावायची. "इतकं देखणं पोर," ती म्हणायची, "आणि जंगलातल्या नजरा काय, विचारू नका."

डहाळी शिकलेली होती. 'जागरूक आया' नावाच्या दोन ग्रुपांवर होती. ती म्हणायची, "आई, ही अंधश्रद्धा आहे."

"बरं," आजी म्हणायची. आजीचं 'बरं' म्हणजे बरं नसायचं.

सकाळी आठ वाजता तीट लागायची. सव्वाआठला डहाळी ती पुसायची. मधल्या पंधरा मिनिटांत जी काय दृष्ट टळायची ती टळायची. दोघी आपापल्या परीने जिंकायच्या आणि घर सुखाने चालायचं.

घोटाळा एवढाच झाला, की पासपोर्टच्या फोटोची वेळ मिळाली सकाळी आठ वाजून दहा मिनिटांची.

पासपोर्टच्या कचेरीत एक कावळा कारकून होता. "डोळे उघडे पाहिजेत," तो म्हणाला. "तोंड बंद पाहिजे. मान सरळ. शेपटी चौकटीबाहेर. आणि फोटोत दुसरं कोणी दिसता कामा नये."

माकडाच्या पोराचं तोंड बंद! फांदेराव चादर पांघरून भिंत झाले आणि त्यांनी कोंबूला मागून धरलं. डहाळी समोर खुळखुळा घेऊन नाचली. त्रेचाळीस फोटो वाया गेले. चव्वेचाळिसाव्याला एक माशी कोंबूच्या नाकासमोरून गेली, तो थक्क झाला आणि त्याचं तोंड मिटलं.

"ओळखीची खूण?" कावळ्याने विचारलं.

उत्तर द्यायला कोणीच नव्हतं. कोंबू खिडकीच्या गजावर चढला होता आणि सगळे त्याच्यामागे धावत होते. कावळ्याने फोटो बघितला आणि स्वतःच लिहून टाकलं.

पासपोर्ट घरी आला. त्यावर लिहिलं होतं : डाव्या गालावर जन्मजात काळा ठिपका.

"जन्मजात?" डहाळी किंचाळली. "अहो, आठ वाजता लावला होता तो!"

"बदलून घ्यायचा तर पुन्हा फोटो काढावा लागेल," फांदेराव म्हणाले.

चव्वेचाळीस फोटो आठवून डहाळी मटकन खाली बसली.

"राहू दे गं," फांदेराव म्हणाले. "कोण बघतं!"

मुलांनो, 'कोण बघतं' हे वाक्य लक्षात ठेवा. जगातले सगळे अधिकारी हेच वाक्य कोणीतरी म्हणेल म्हणून वाट बघत बसलेले असतात.

खोडाआजीने मात्र 'जन्मजात' हा शब्द फांदेरावांकडून दोनदा वाचून घेतला. मग ती दिवसभर गालातल्या गालात हसत होती.

सामान भरायला पाच दिवस लागले. माकडाचं पोर जन्मल्यापासून आईच्या पोटाला चिकटून फिरतं. त्याला काही लागत नाही. तरी फांदेरावांनी पोर पोटाशी बांधायची पट्ट्यांची पिशवी घेतली आणि बाबागाडीही घेतली, कारण खारीच्या फोटोत बाबागाडी होती. एकूण सात बॅगा झाल्या. त्यांतल्या सहा कोंबूच्या. नाचणीचं सत्त्व, दुपटी, टोपडी, वेखंड, बाळगुटी आणि ती उगाळायची दगडी सहाण.

वजनकाट्यावरच्या हत्तीने सहाण उचलून विचारलं, "दगड कशाला नेताय?"

"उगाळायला," आजी म्हणाली.

"बरोबर," हत्ती म्हणाला. आपल्याकडे हे पटतं.

पण निघण्यापूर्वी डहाळीने एक काम गुपचूप केलं होतं. आजी तीट लावून उठली, तशी तिने आजीच्या बटव्यातली काजळाची डबी काढली आणि झाडाच्या ढोलीत लपवली. निदान आठ दिवस तरी गाल स्वच्छ राहील! ही चोरी नव्हे, हे प्रबोधन आहे, असं तिने स्वतःला सांगितलं. प्रबोधन करणारे आधी स्वतःलाच पटवतात.

सारसांचं विमान उडालं. कोंबू रडू लागला.

तो नऊ तास रडला. खुळखुळा झाला, अंगाई झाली, फांदेरावांच्या माकडचेष्टा झाल्या. शेजारच्या रानडुकराने कानात कापूस घातला, मग कोंबूच्या कानात घालायला दिला, मग पुढच्या जन्मी दगड होण्याचा नवस केला. कोंबूने डहाळीला लाथांनी दूर ढकललं आणि दुसऱ्या क्षणी तिच्याकडेच हात पसरले. आजी शांत झोपली होती. तिने चार पोरं वाढवली होती.

विमान उतरायच्या दहा मिनिटं आधी कोंबू एकदम गप्प झाला. आता उतरायचं म्हणून.

"उतरल्याबरोबर पहिला फोटो," फांदेराव म्हणाले.

डहाळीने लगबगीने स्वतःच्या डोळ्यांत काजळ घातलं, काजळाची कांडी संपली तशी ती कचऱ्यात टाकली. मग ओल्या रुमालाने कोंबूचं तोंड खसखसून पुसलं. निघायच्या घाईत पुसायची राहिलेली सकाळची तीट निघून गेली. गाल कसा लख्ख झाला. तिने हळूच आजीकडे पाहिलं. आजी घोरत होती.

परदेशाच्या दारात एक पेंग्विन अधिकारी बसला होता. त्याने पासपोर्ट पाहिला. कोंबूला पाहिलं. पुन्हा पासपोर्ट पाहिला.

"ठिपका कुठे आहे?"

"तो खरा नव्हता, साहेब," डहाळी म्हणाली. "ती तीट होती. आमच्याकडे दृष्ट लागू नये म्हणून लावतात."

"कागदावर जन्मजात लिहिलं आहे."

"ते चुकून लिहिलंय."

"कागद चुकत नाही. बाळ चुकू शकतं," पेंग्विन म्हणाला. "हे बाळ आपलंच कशावरून?"

आता आजी पुढे झाली. "अहो, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! हे कार्टं असतं तर नऊ तास कोणी मांडीवर घेतलं असतं का?"

"बाब्या?" पेंग्विनने मान वर केली. "कागदावर अंकुर आहे. आणि मघापासून आपण याला कोंबू म्हणता आहात. तीन नावं झाली. ठिपका एकही नाही."

"समोरच्या खारीला तुम्ही लगेच सोडलंत," फांदेराव कुरकुरले.

"त्यांच्या पाठीवर तीन पट्टे लिहिले होते. तिन्ही हजर होते."

"साहेब," डहाळीने हात जोडले, "तुमच्याकडे म्हणे हजारो पिल्लांच्या गर्दीत आई नुसत्या आवाजावरून आपलं पिल्लू ओळखते. मग आमचा आवाज ऐका ना!"

पेंग्विनचे डोळे क्षणभर ओलावले. त्यालाही आई होती. मग तो म्हणाला, "फॉर्मवर आवाजाचा रकाना नाही."

त्याने वही उघडली. "ठिपक्याचं बाळ हरवलं आहे, अशी नोंद करतो. बिनठिपक्याचं बाळ सापडलं आहे. सापडलेली बाळं चौकशी होईपर्यंत पलीकडच्या खोलीत राहतात."

पलीकडच्या खोलीच्या दारावर पाटी होती : सापडलेल्या वस्तू. आत छत्र्या दिसत होत्या. दोन पेंग्विन ट्रे घेऊन पुढे आले.

 नऊ महिन्यांत डहाळीने शंभर वेळा म्हटलं होतं, कोणीतरी याला तासभर न्या हो. आता न्यायला आले होते. तिने कोंबूला छातीशी धरलं, तसा कोंबूही चार हातपाय आणि पाचव्या शेपटीने तिला चिकटला. पट्ट्यांची पिशवी बाजूला नुसती लोंबत राहिली.

"थांबा," आजी म्हणाली. "आत्ता लावते ठिपका." आणि तिने बटवा उलटा केला. सुपारी पडली, अडकित्ता पडला, बडीशेप पडली. डबी काही पडेना.

"आई," डहाळी म्हणाली, "डबी मी काढून ठेवली. ढोलीत. तुम्हाला न विचारता."

एवढं बोलून ती ढसाढसा रडू लागली. आता सासूबाई चारचौघांत आपली सालटी काढणार, हे तिला ठाऊक होतं. काढायलाच हवी होती.

आजी तिच्याकडे टक लावून बघत राहिली. मग म्हणाली, "रड अजून थोडी."

"काय?"

"डोळ्यांत काजळ आहे ना तुझ्या? मग डबी हवीय कशाला? माझ्या सासूने मला कधी डबी दिली होती! आपल्या डोळ्यातलं बोटावर घ्यायचं आणि पोराला लावायचं. लाव."

"मी लावू?"

"मग काय मी लावू? मी अंधश्रद्धाळू."

डहाळीने डोळ्याच्या कडेवर बोट फिरवलं. 

"डावा गाल गं," आजी ओरडली. "त्याचा डावा, आपला नव्हे!"

डहाळीने तीट लावली. पेंग्विन हे सगळं दोन हातांवरून बघत होता. त्याने पट्टी काढून ठिपका मोजला.

"फोटोपेक्षा जरा लहान आहे."

डहाळीने दुसऱ्या डोळ्यातलं काजळ घेऊन ठिपका मोठा केला.

"आता जुळतं," पेंग्विन म्हणाला. "हरवलेलं बाळ सापडल्याबद्दल अभिनंदन." त्याने ठप्पा मारला. "परत जाताना पुन्हा तपासणी होईल. ठिपका जन्मजात आहे. पुसला जाता कामा नये."

मग त्यांनी आठ दिवस सहल केली. कोंबूने बर्फाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो आठही दिवस बॅगेला बांधलेल्या चिठ्ठीशी खेळला. डहाळीने पहिल्याच दुकानात काजळाच्या तीन कांड्या घेतल्या. कोंबू शिंकला की ती आधी त्याचा गाल बघायची. बर्फ पडला की गालावर छत्री धरायची. रोज आठला ठिपका, सव्वाआठला तपासणी.

आराम मात्र झाला. आजीला झाला. नऊ महिन्यांत पहिल्यांदाच तिला सकाळी काही काम नव्हतं.

परत येताना पेंग्विनने ठिपका मोजला आणि त्यांना सोडलं. घरी येऊन फांदेरावांनी एकशे एकेचाळीस फोटो टाकले. खारीला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती चौकशीला आली. "अगं बाई, डहाळी! तू शिकलेली ना? आणि पोराला तीट लावतेस?"

"तीट नाही गं ती," डहाळी म्हणाली. "डॉक्युमेंट आहे."

कोंबूचा पासपोर्ट पाच वर्षं चालणार होता. आणि फांदेराव पुढच्या सहलीचं बघू लागले होते.

एके दिवशी सव्वाआठ वाजता, जुन्या सवयीने, डहाळीने ओला रुमाल घेतला आणि तो कोंबूच्या गालाकडे नेला.

वरच्या फांदीवर आजी सुपारी कातरत बसली होती. ती गोड आवाजात म्हणाली, "पूस हो सूनबाई, खुशाल पूस. कोण बघतं!"

डहाळीचा हात तिथल्या तिथे थांबला.

तात्पर्य : अंधश्रद्धा बाळाच्या गालावर असेल तर बेलाशक पुसून टाकावी, सरकारी कागदावर चढली असेल तर रोज सकाळी ताजी लावावी. आणि सासूच्या बटव्यात हात घालण्यापूर्वी आपल्या डोळ्यांत पुरेसं काजळ आहे ना, एवढं बघून घ्यावं.