झेंडा हलला, मागे फिरा

ऐन मे महिन्यात शेकडो पोरांना पहाटे अंथरुणातून ओढून, गुडघ्यापर्यंत लोंबणारे टी-शर्ट चढवून मैदानात उभं करणाऱ्या आणि मग त्यांना धावूच न देणाऱ्या महनीय व्यक्तीवर आमचा जाहीर आरोप आहे. साहेब, धावणं कशाशी खातात हे तुम्हाला माहीत नाही. तुम्हाला फक्त झेंडा माहीत आहे. तुमचं नाव घेत नाही, कारण नाव घेतलं की तुम्ही त्या निमित्तानेही सत्कार ठेवाल.

प्रकरण एका फोनवरून सुरू झालं. अभिनव हा मीरा रोडला, हाटकेशमधल्या एका सोसायटीत राहणारा गृहस्थ. दिवसा अंधेरीच्या एका विमा कचेरीत नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात मीरा रोडची वकिली करतो. गिरगावातली खोली विकून तो इथे आला, तेव्हापासून त्याची थोरली बहीण ममता त्याला मुंबईकर म्हणायला तयार नाही. ती चिपळूणला असते. "तुझा जिल्हा ठाणे," एवढंच ती शांतपणे म्हणते आणि अभिनवचं जेवण जात नाही.

यंदा सुट्टीत ममता दोन्ही पोरांना घेऊन येणार होती. सात वर्षांची आरोही आणि चार वर्षांचा अथर्व. फोनवर आरोहीने विचारलं, "मामा, तुमच्याकडे काय असतं?"

चिपळूणच्या पोरीला काय सांगावं? नदी तिच्याकडे, आंबे तिच्याकडे, फणस तिच्याकडे. अभिनव म्हणाला, "आमच्याकडे फन रन असतो."

"म्हणजे?"

"सगळे मिळून धावतात. दोन किलोमीटर. मेडल मिळतं."

झालं. पोरगी त्या दिवसापासून घर ते शाळा आणि शाळा ते घर पळू लागली. मेडल घेऊन येते, असं तिने आळीभर सांगून टाकलं. वर्गातल्या एका मुलाशी तर पैजच लावली. म्हणजे आता माघार नव्हती.

धाव भरवणार होती सर्वांगीण नागरी उत्साह समिती. अध्यक्ष धर्मेशभाऊ. यांच्या आजोबांची भाईंदरच्या खारी गावाकडे मिठागरं होती, वडिलांची भातशेती होती, भाऊंचे बॅनर आहेत. भाचरं येणार म्हटल्यावर अभिनवने भाऊंच्या ऑफिसच्या इतक्या फेऱ्या मारल्या, की शेवटी भाऊंनी त्याला 'धाव समन्वयक' केलं. पदासोबत भगव्या रंगाचा टी-शर्ट, गळ्यात पट्टा आणि एक शिट्टी मिळाली. घरी येऊन त्याने आरशासमोर शिट्टी वाजवून पाहिली.

"कुकर झाला का?" त्याची बायको क्षितिजा आतून म्हणाली.

रविवारी सहाला ममता, पोरं, क्षितिजा सगळे मैदानात हजर होते. प्रमुख पाहुणे नव्हते. पाहुण्यांशिवाय झेंडा नाही, झेंड्याशिवाय धाव नाही, ही कार्यपद्धती असल्यामुळे तूर्तास झुंबा सुरू करण्यात आला. सात वाजले. झुंबा दुसऱ्यांदा घेण्यात आला. आठ वाजता ऊन चटके देऊ लागलं आणि झुंबा शिकवणारी मुलगी सावलीत बसून हातवारे करू लागली. अथर्व ममताच्या खांद्यावर झोपला. आरोही मात्र दोरीला नाक लावून उभी होती. पाणी प्यायलाही हलेना. जागा जाईल म्हणाली.

पाहुणे आले. सत्कार झाले. शाल, श्रीफळ, भाषण: धावण्याचं महत्त्व. मग झेंडा हलला, फुगे सुटले, पोरं सुटली.

"शिट्टी, शिट्टी," भाऊ ओरडले. "परत बोलव. साहेबांच्या तोंडावर झेंडा आला. फोटो फुकट गेला."

अभिनवने शिट्टी फुंकली. पोरं परत आली. आरोहीही आली, पण तिने मामाकडे असं पाहिलं, की त्याने टी-शर्टवरची नसलेली धूळ झटकली.

तेवढ्यात दुसरे पाहुणे आले. आपल्याआधी झेंडा हलवला गेल्याचं कळल्यावर ते गाडीतून उतरेनात. समितीची जागच्या जागी तातडीची बैठक झाली आणि मघाची धाव ही धाव नसून रंगीत तालीम होती, असं एकमताने ठरलं.

अभिनवने हळूच विचारलं, "भाऊ, या खेपेला पोरांना पुढे सोडायचं ना?"

"पुढं कुठं? पुढं रस्ता खोदलाय."

"मग रन?"

"रन म्हंजे झेंडा, फोटू आणि मेडल. येवढं झालं का रन झाला. साहेबांना लग्नाला जायचं हाय. तू धा पावलांवर शिट्टी मार, पोरं फिरली का मेडल वाटायला घेऊ." भाऊ त्याच्याकडे प्रेमाने बघत म्हणाले, "आनि तुलाबी एक हाय. उत्कृष्ट समन्वयक."

आता इथे आमचा गृहस्थ रागाने पेटून उठला, त्याने शिट्टी फेकून दिली, असं लिहायला आम्हालाही आवडलं असतं. त्याने विचारलं, "मेडल स्टेजवर मिळणार का?"

झेंडा हलला. पोरं सुटली. दहा पावलांवर शिट्टी वाजली आणि पोरं वळली, आयाबाप वळले, मॅरेथॉनचे बूट घालून आलेले निवृत्त काका वळले. आरोही वळली नाही. तिने बॅरिकेडखालून अंग काढलं, खोदलेल्या मातीच्या ढिगावर चढली आणि पलीकडे दिसेनाशी झाली.

माईकवरून भाऊंचा आवाज आला, "ती पोर कुनाची हाय? शिस्त न्हाय काय? समन्वयक, कुनाची पोर?"

अभिनवच्या एका हाताला स्टेज होतं. दुसऱ्या हाताला, चार पावलांवर, ममता उभी होती.

"माहीत नाही, भाऊ," तो म्हणाला. "बाहेरची दिसते."

ममताने अथर्वला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. क्षितिजा मात्र म्हणाली, "आता तरी पळ."

मग अभिनव धावला. ढिगावर चढला, पलीकडे घसरला, उठला. सोसायटीच्या जिन्यापलीकडे ज्या पायांना वर्षानुवर्षं काही माहीत नव्हतं, ते पाय अर्ध्या वाटेत संपावर गेले. उत्तनजवळच्या चौक गावाहून आलेली एक म्हातारी कोपऱ्यावर ताडगोळे विकत बसली होती. तिला त्याने धापा टाकत विचारलं, "मावशी, एक मुलगी गेली का इथून?"

"गेली ना. हसत गेली," ती म्हणाली. "तुजी हाय?"

"माझी भाची."

"मंग तितं सांगाचं व्हतं ना," म्हातारी म्हणाली. माईकचा आवाज तिथपर्यंत येत होता.

तो पुरता वळसा घालून मैदानात परतला, तेव्हा आरोही आधीच येऊन उभी होती. घामाने निथळत, गुडघ्याला माती, चेहरा लालबुंद आणि खूश. मेडलं वाटून संपली होती. फुग्यांच्या कमानीतली हवा सोडायचं काम चाललं होतं. झोपलेल्या अथर्वच्या गळ्यात मेडल होतं.

"काका, मी पूर्ण धावले," ती धर्मेशभाऊंना सांगत होती. "माझं मेडल?"

"धावलीस, तितंच चुकलं, बाळा," भाऊ खरोखर वाईट वाटून म्हणाले. "मेडल धाव पुरी करनाऱ्यांना. ज्यांनी पुरी केली ते समदे फोटूत हायेत. तू कुठं हायस?"

मग त्यांनी अभिनवला स्टेजवर घेतलं आणि त्याच्या गळ्यात उत्कृष्ट समन्वयकाचं मेडल घातलं. फोटो चांगला आला. घामामुळे माणूस कष्टाळू दिसतो.

दुपारी घरी आमरस होता. अभिनवने मेडल काढून आरोहीपुढे धरलं. "घे. तुझंच आहे."

तिने ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत त्याच्या ताटाशी ठेवलं. "यावर समन्वयक लिहिलंय," ती म्हणाली. "मी धावले होते." मग बोट चाटत तिने अगदी साधेपणाने विचारलं, "मामा, धावायचंच नव्हतं, तर झेंडा कशाला हलवला?"

अभिनवने ममताकडे पाहिलं. ममताने रसाचं पातेलं पुढे सरकवलं. "त्याला काय विचारतेस," ती म्हणाली. "बाहेरचा आहे तो. ठाणे जिल्ह्यातला."

मेडल आता हाटकेशच्या त्या घरात टीव्हीच्या वर टांगलेलं आहे. येणारा-जाणारा विचारतो, अभिनव सांगतो, फन रनचं. ममता पोरांना घेऊन ठरल्यापेक्षा लवकर चिपळूणला गेली. आरोहीचा प्रश्न मात्र इथेच राहिलाय. झेंडेवाल्या साहेबांनी त्याचं उत्तर द्यावं, ही आमची मागणी आहेच. पण ते लग्नाला गेलेत.

तेव्हा वाचकहो, तुम्हीच सांगा. तुम्हीही होतात त्या मैदानात. तो टी-शर्ट तुम्ही आता फरशी पुसायला घेतला असेल, तरी आम्ही तुम्हाला ओळखलंय. वाटेत फक्त एक मातीचा ढीग होता, आणि सात वर्षांची पोर तो चढून गेली. शिट्टी वाजल्यावर तुम्ही का वळलात?