नंबर सोडणारा डबा

गेनूआण्णा खरमाळ्यांचा दळणाचा डबा गेले नऊ दिवस गिरणीच्या रांगेत परक्या माणसांना आपला नंबर देत होता.

डबा साधाच. तेलाचा, पंधरा किलोचा, पत्र्याचा. झाकणाला कडी आणि अंगावर लाल रंगात खरमाळे. कासारवेढ्यात दळणाच्या रांगेत माणूस उभा राहत नाही, डबा राहतो. सकाळी डबा ठेवायचा, आपापल्या कामाला जायचं, नंबर लागायच्या वेळी यायचं. आण्णा सात वाजता डबा ठेवत, तेव्हा तो तिसरा असे. दहाला जात, तेव्हा शेवटून दुसरा. पुढं सगळी परगावची भांडी, आणि गिरणी बंद होईपर्यंत आत ज्वारी जशीच्या तशी.

ओळखीच्या माणसासाठी डबा तसूभर हलत नव्हता. आण्णांच्या सख्ख्या साडूने एकदा त्याला पायाने ढकलून पाहिला, तर साडूचाच अंगठा सुजला.

"इलाही, हे काय चाललंय?" आण्णांनी गिरणीवाल्या इलाही मुलाणीला विचारलं.

"काही नाही आण्णा. तुमच्या डब्याने नंबर दिला. एक बाई सुनेला दवाखान्यात घेऊन आली होती. साडेनऊची गाडी होती तिची."

"मी दिला का?"

"रांगेत डबा म्हणजे तुम्हीच. त्याने दिलं ते तुम्ही दिलं, गिरणीचा नियम आहे. कडी जरा वाजवतो आणि मागं सरकतो. फार सभ्य आहे. बाई तुम्हाला दुवा देऊन गेली."

"दुव्याची भाकरी थापता येते का?"

"ते नाही येत," इलाही म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"मग उद्यापासून मी स्वतः उभा राहतो."

"राहा की. पण रांगेत जागा एका डब्याएवढीच आहे. त्यात मावलात तर माझी काही हरकत नाही."

आण्णांनी तिथंच उकिडवं बसून पाहिलं. मावले नाहीत.

आता पीठ काही हौसेसाठी नको होतं. आण्णांच्या बायकोला, पारूबाईला, साखरेचं दुखणं. डॉक्टरने भात तोडला, गहू तोडला, ज्वारीची भाकरी तेवढी ठेवली. नऊ दिवस ती मुगाच्या उसळीवर होती आणि काल न्हाणीघरातून येताना भिंतीला धरून उभी राहिली. शेजारणीने पीठ देऊ केलं, तर आण्णांनी दारातूनच परत पाठवलं. उभ्या जन्मात त्यांनी कुणाकडून काडेपेटीतली काडी घेतली नव्हती, आणि हे ते न विचारता सांगत.

नवव्या दिवशी डबा घरी आणून त्यांनी त्याला ओसरीत उभा केला आणि झाडला. "तुला पत्र्याचा म्हणून आणला. लोकांची कणव करायला आणला नाही. ऐकू येतंय का?"



"त्याला कशाला बोलता? अडलेलं माणूस दिसल्यावर तो तरी काय करणार?" पारूबाई आतून म्हणाली.

"तू कुणाच्या बाजूची?"

"मी भाकरीच्या बाजूची. पण बोलायची एक रीत असते."

दहाव्या दिवशी गिरणीच्या दारावर पाटी लागली होती. दुपारी दोनला दगड उतरवणार, झिजलेल्या दगडांना छिन्नीने टाकी लावायला, गिरणी चार दिवस बंद. त्यात बाजारचा दिवस. आण्णांनी सहालाच डबा नेऊन पहिल्या नंबरावर ठेवला आणि समोरच्या कट्ट्यावर नजर रोखून बसले.

डब्याने सातला एका बांगडीवाल्याला नंबर दिला. सव्वासातला एका म्हाताऱ्याला, त्याचा बैल बाजारात कुणाच्या तरी भरवशावर बांधलेला होता. आठला कडेवर मूल असलेल्या बाईला. आण्णा उठले, कडी धरून ओढू लागले. डब्याने त्यांना दोन पावलं फरफटत नेलं आणि नंतर माफी मागितल्यासारखा थांबला. नऊला गिरणी सुरू झाली, तेव्हा तो एकतिसावा होता, म्हणजे शेवटचा.

आणि मग तिसाव्या नंबरचा स्टीलचा डबा कडी वाजवून त्याच्या मागं जाऊन बसला.

एकोणतिसावा त्याच्या मागं गेला. मग अठ्ठाविसावा. नऊ दिवस सगळी भांडी बघत होती, शिकायला तेवढं पुरतं. रांग पुढं जायच्या ऐवजी मागं चालू लागली. पोस्टापुढून गेली, रसवंतीला वळसा घातला आणि शेपूट एसटी स्टँडात शिरलं. आण्णांचा डबा पुन्हा पुढं आला, की पुन्हा मागं जाई. गिरणीच्या तोंडाशी कुणीच टिकेना.

इकडं पट्टा फिरत होता आणि दगड रिकामे घासत होते. इलाही कपाळाचं पीठ पुसत रस्त्यावर आला.

"दगड दगडाला खातोय, लोकहो! कुणीतरी पुढं या!"

"आधी त्यांचं होऊ द्या," बांगडीवाला म्हणाला.

"छे, छे, आधी ह्यांचं," म्हातारा म्हणाला.

"देणारे एकतीस आहेत," इलाहीने जाहीर केलं. "घेणारा एक नाही. घेणारा मिळेपर्यंत गिरणी दळू शकत नाही. मिळाला नाही तर दोनला दगड उतरतील आणि ज्याची त्याची ज्वारी ज्याच्या त्याच्या घरी."

स्टीलच्या डब्याची मालकीण आण्णांसमोर येऊन उभी राहिली. माळेगावची, नाव वच्छला. हातात बाजाराची पिशवी, पदर खोचलेला.

"बाबा, परवा तुमच्या डब्याने माझ्या सासूला नंबर दिला. आज माझा तुम्ही घ्या."

"मी कुणाचं काही घेत नाही."

"हो का? मग माझ्या सासूनं घेतला ती काय भिकारीण झाली?"

"मी असं म्हटलं नाही."

"म्हटलं नाही, पण तसंच झालं की. द्यायला तुम्ही मोठे, आणि घ्यायला आम्हीच का?"

आण्णांना आयुष्यात पुष्कळ लोक पुष्कळ बोलले होते. त्यांनी प्रत्येकाला उत्तर दिलं होतं. ह्या वेळी त्यांनी टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. गिरणीचा दगड रिकामा खरखरत होता आणि घरी पारूबाईने सकाळपासून चूल पेटवून ठेवली होती, आज पीठ येणारच म्हणून.

"घेतो," ते पुटपुटले.

"मोठ्यानं, आण्णा," इलाही म्हणाला. "डबे लांबवर आहेत."

"घेतो!" आण्णा ओरडले, तेव्हा रसवंतीवरचे कावळे उडाले. "हिनं नंबर दिला आणि गेनू खरमाळ्यानं घेतला! झालं समाधान?"

एसटी स्टँडात कडी वाजली. तीस भांडी दोन्ही बाजूंना सरकली आणि मधून आण्णांचा डबा निघाला. रसवंतीचा वळसा, पोस्ट, बाजारपेठ. आण्णा मागून चालत होते, टोपी सारखी करत, छाती काढून. भाजीवाल्यांनी तराजू खाली ठेवले. चहावाल्याने फडका फिरवला. गिरणीच्या तोंडाशी डबा थांबला, झाकण उघडलं, ज्वारी दगडात पडली आणि दगडाचा आवाज भरला. बाजारभर लोकांनी टाळ्या वाजवल्या. आण्णा म्हणाले, "वाजवता काय, कामं करा." पण दोनदा म्हणाले नाहीत.

एकाने घेतल्यावर बाकीच्यांची भीड मोडली. बांगडीवाल्याने म्हाताऱ्याचा नंबर घेतला, म्हाताऱ्याने वच्छलाचा, वच्छलाने कडेवरच्या मुलाच्या आईचा. दोनच्या आत एकतीसच्या एकतीस दळणं झाली.

पारूबाईने गरम पीठ परातीत घेतलं, उरलेलं बरणीत ओतलं आणि भाकरी तव्यावर टाकली. ती टम्म फुगली. पहिली तिने उभ्यानेच खाल्ली. दुसरीला ती पाटावर बसली, ठेचा मागितला आणि आण्णांना म्हणाली, "बघत काय बसलात, तुम्ही पण घ्या."

आण्णांनी घेतली.

"डबा कुठं दिसत नाही?" तिने विचारलं.

"गेला स्टँडवर. तीनच्या गाडीनं कुणी म्हातारी उतरणार आहे म्हणे, बरंच ओझं घेऊन."

"जेवून तरी जायचं," पारूबाई म्हणाली, आणि तिने तिसरी भाकरी थापायला घेतली.