काळे यंत्र थोर की पांढरे, याची हकीकत

श्री. जिची कृपा असता भिंतीतील भोकांत वीज नांदते आणि अवकृपा होताच निघोन जाते, त्या देवतेस आधी नमस्कार, गणरायास तिचे मागोन; गणराय समजोन घेतील. शके एकोणीसशे सोळा, भावनाम संवत्सर, वैशाखमास, तिथी आठवत नाही परंतु सुटीचा दिवस होता, ते समयी एका राज्यात जे घडले ते लिहितो. राज्याचे नाव सांगत नाही, कारण सांगितल्यास आजही दोन घरांत भांडी आपटतील. या हकीकतीवर कोणी विश्वास ठेवणार नाही. न ठेवावा. ज्यांनी ठेविला त्यांस ती पचली नाही, असा आमचा अनुभव आहे. श्रोते मंडळी गच्चीत जमली आहेत आणि त्यांत शेजारच्या भागीरथीबाई सुपात शेंगा घेऊन सोलीत बसल्या आहेत, त्यांनी आरंभीच बजाविले की, "सांगा, पण जरा बेतानं फेका." बरे म्हणोन आरंभ केला.

तर त्या राज्यात नावजीराव काटकर आणि सुभानराव पांगरे म्हणोन दोन सरदार होते. एकाने शिंकावे आणि दुसऱ्याने नाक पुसावे ऐसा त्यांचा स्नेह. उभयतांनी वर्गणी करोन पूर्वसमुद्रापलीकडील बेटांतून आलेले एक व्हिडिओ गेमचे यंत्र घेतले होते, आठ पदरी, म्हणजे आठ बिटांचे, आणि त्यास दोन जॉयस्टिका, एक याचे हाती आणि एक त्याचे. कॅसेट चालेनाशी झाली की नावजीरावांनी उजवीकडोन फुंकर घालावी आणि सुभानरावांनी डावीकडोन, आणि मग यंत्र मुकाट चालावे. त्या खेळात आठ गड होते आणि आठव्या गडावर लोहमुख म्हणोन दैत्य. सात गड दोघांनी डोळे मिटोन सर केले, परंतु लोहमुख मरेना. अखेर एके दिवशी तो अर्धा मेला असता यंत्राने धूर सोडिला आणि ते वैकुंठवासी जाहले. मग उभयतांनी त्याचे सुतक धरिले आणि श्रीखंड वर्ज्य केले.

यंत्रांसही माणसांसारख्या पिढ्या असतात. एक पिढी थकली की परमुलखीचे दोन कारखानदार नव्या पिढीचे आपआपले यंत्र पुढे करितात, आणि या पिढीत थोर कोण म्हणोन जगभर रणे माजतात. ते वर्षी सोळा पदरी पिढी आली, एक यंत्र काळे आणि एक पांढरे. आणि पाडव्याचे दिवशी नावजीराव मित्रास चकित करावे म्हणोन गुपचूप काळे घेऊन आले, आणि सुभानराव मित्रास चकित करावे म्हणोन गुपचूप पांढरे घेऊन आले, आणि दोघांची गाठ जिन्यात पडली. एकाची कॅसेट दुसऱ्यात जात नाही, हे खोक्यावरच लिहिले होते. नावजीराव बोलिले, "परत कर." सुभानराव बोलिले, "तू कर." तेथोन जे पेटले ते पेटले.

मग काळेवाले म्हणों लागले की आमचे यंत्रातील रथ ऐसा धावतो की पाहणाराची पगडी उडोन शेजारचे अंगणात पडते. पांढरेवाले म्हणों लागले की तुमचा रथ धावतो कारण त्यास रंग नाहीत, ओझे काय ते नाही. आमचे यंत्रातला सूर्यास्त पाहोन कोंबड्या खुराड्यात जातात. काळेवाले म्हणाले, "कोंबड्याच जाणार, माणसे कोण येतात!" पांढरेवाले म्हणाले, "तुमचे यंत्राचा आवाज म्हणजे पत्र्यावर सांडलेले वाटाणे." येणेप्रमाणे सारे राज्य दुभंगले. काळ्या पगड्या एकीकडे आणि पांढऱ्या एकीकडे जाहल्या, आणि भाजीवाली वांगी तोलण्याआधी पक्ष विचारू लागली, आणि न्हाव्याने अर्धी दाढी करोन हजामत थांबविली की आधी सांगा, कोणते थोर. महाराज स्वतः निःपक्षपाती होते, म्हणोन त्यांनी उजवीकडे काळी आणि डावीकडे पांढरी ऐसी पगडी शिवविली, तर दोन्ही पक्ष रुसले की आमचेकडील बाजू अंमळ अरुंद आहे.

"एवढं यंत्रावरून?" भागीरथीबाईंनी पुसिले.

बाई, यंत्रावरोन नव्हे तर काय वांग्यांवरोन? असो. अखेर भर दरबारी दोघे सरदार समोरासमोर आले आणि नावजीरावांनी रागाचे भरात बेलभंडार उचलोन शपथ वाहिली की, "ज्याचे यंत्र हलके ठरेल त्याने हे राज्य सोडोन जावे आणि पुन्हा तोंड दाखवू नये." सुभानराव बोलिले, "मान्य. बैलगाडी तुजसाठी मीच जुंपोन देतो." शब्द तोंडातून गेला आणि आता दोहोंपैकी एक जाणार हे ठरले. घेतली शपथ मोडता येईना. मग महाराजांनी निवाडा आपल्या आत्यासाहेबांकडे सोपविला. आत्यासाहेब वयोवृद्ध, जिभेने तिखट आणि व्हिडिओ गेम हा शब्द त्यांनी त्या दिवशी प्रथम ऐकिला.

आत्यासाहेब पुसत्या जाहल्या, "नावजी, सुभानाचे यंत्र कितीदा खेळलास रे?"

"शिव शिव! हात लाविला नाही."

"आणि सुभाना, तू?"

"त्याकडे पाठ करोन बसतो, आत्यासाहेब."

"म्हणजे भाकरी न चाखता एकमेकांचे चुलीस नावे ठेविता. मेल्यांनो, यंत्रे बदला. याचे त्याने न्यावे आणि त्याचे याने. येत्या पौर्णिमेस उभे राहोन सांगा काय ते. तोवर गाडी जुंपू नका, बैलांस काम आहे."

मग खोकी बदलली. नावजीराव सुभानरावांचे पांढरे यंत्र घेऊन घरी आले, दारे लाविली आणि खोके उघडिले. पाहतात तो एक जॉयस्टिक वापरोन गुळगुळीत जाहलेली, कळांवरील अक्षरेसुद्धा पुसली गेली. आणि दुसरी? दुसरी आपल्या पिशवीत जशीच्या तशी, वायरीस दुकानातला पीळ तैसाच, तोंडास चिकटपट्टी. एवढा मोठा पक्ष, रस्तोरस्ती पांढऱ्या पगड्या, आणि सुभानाशेजारी बसोन खेळणारे कोणी नाही. नावजीरावांनी ती पिशवी हाती घेतली आणि बराच वेळ ठेविली नाही. तेच समयी पलीकडचे घरी सुभानरावांनी काळे खोके उघडिले होते आणि तेथेही दुसरी जॉयस्टिक पिशवीत, चिकटपट्टीसह. सुभानरावांनी बायकोस म्हटले, "यानेही उघडली नाही गं." बायको बोलिली, "कोणासाठी उघडणार? तुम्ही तर पाठ करोन बसता."

पौर्णिमेस संध्याकाळी दरबार भरला. उन्हाची तिरीप येऊन पडद्यावर काही दिसेना म्हणोन खिडक्यांस घोंगड्या लाविल्या, आणि दोन टीव्ही मांडिले, आणि बाहेर बैलगाडी उभी होती. नावजीराव उठोन बोलिले, "आत्यासाहेब, पांढरे थोर. ऐसे रंग जन्मात पाहिले नाहीत. माझे काळे हरले. मी जातो." दरबार थक्क. तो सुभानराव उसळोन बोलिले, "खोटे आहे! काळ्याचा वेग पाहिलात काय? पांढरे त्यापुढे बैठा बैल आहे. माझे यंत्र हलके, मी जातो."

"सुभाना, तुझे यंत्रास सहा कळा आहेत, त्यांतील दोन तर जॉयस्टिकच्या खांद्यावर!"

"काय करायच्या त्या? बोटे का तितकी आहेत? तुझ्या तीनच, पण वाघाच्या!"

"वाघाच्या? वाटाणे सांडल्यासारखा आवाज येतो!"

"खबरदार काळ्यास नाव ठेविलेस तर!"

येणेप्रमाणे पूर्वी जे भांडण होते तेच उलटे जाहले, आणि काळेवाल्यांनी घाईने पांढऱ्या पगड्या मागविल्या, आणि पांढरेवाल्यांनी काळ्या, आणि धोबी रडकुंडीस आला. प्रत्येक जण आपण हरावे आणि मित्र राहावा म्हणोन घसा फोडीत होता, परंतु भांडणे थांबवील तर तो सरदार कसला! आत्यासाहेबांनी पाटावर काठी आपटली आणि म्हणाल्या, "बस्स. गाडीत दोघेही चढाल आणि राज्य ओस पडेल. आता तोंडे आवरा आणि खेळोन दाखवा. एकेकट्याने नव्हे. शेजारी बसोन. पिशव्या फोडा." मग दोन्ही पिशव्या फोडिल्या, चिकटपट्टीचा चर्र आवाज साऱ्या दरबाराने ऐकिला, आणि दोघे मांडीस मांडी लावोन बसले, आणि महाराजांनी स्वहस्ते खटका दाबिला, आणि तत्क्षणी वीज गेली.

"लोडशेडिंग," भागीरथीबाई बोलिल्या.

तेच. घोंगड्यांमुळे आत काळोख गुडुप. कोणी म्हणाले मेणबत्ती आणा, कोणी म्हणाले निवाडा पुढे ढकला. तों काळोखात नावजीरावांचा आवाज आला, हळूच, "पहिला गड. डावीकडोन कासव येतेय." मग सुभानरावांचा आवाज आला, "दिसले. उडी मारली. तू वरची नाणी घे."

"घेतली. पुढे खड्डा."

"ठाऊक आहे, तूच पडायचास नेहमी."

"एकदा पडलो!"

"एकदा? त्या खड्ड्यास तुझे नाव दिले होते."

आणि जॉयस्टिकांच्या कळा कट कट वाजों लागल्या, वायरी कोठे जोडिल्या आहेत याची दोघांस शुद्ध नाही, जुने आठ पदरी यंत्र तर केव्हाच राखेस गेलेले, आणि खेळ मात्र चालला. पहिला गड, मग दुसरा, मग तिसरा. चौथ्या गडापासोन दरबाराने "जपून!" म्हणोन ओरडण्यास आरंभ केला. महाराज सिंहासनावरोन पुढे सरकले. सहाव्या गडावर न्हावी म्हणाला, "अहो, मागोन येतोय!" आणि खरेच येत होता.

"वीज नसताना?" भागीरथीबाईंनी शेंग तशीच हातात धरोन पुसिले.

नव्हती म्हणोनच, बाई. वीज असती तर निम्म्यांनी काळ्याकडे पाहिले असते आणि निम्म्यांनी पांढऱ्याकडे. मग आठवा गड आला आणि लोहमुख उभा राहिला. तो अर्धा मेल्यावर पुढे काय होते ते दोघांनीही कधी पाहिले नव्हते. नावजीराव थांबले. सुभानराव म्हणाले, "तू पायाकडोन जा. मी त्यास बोलण्यात गुंतवितो." नावजीराव गेले. बराच वेळ नुसत्या कळा वाजत राहिल्या. मग नावजीरावांनी पुसिले, "पडला का रे?" सुभानराव म्हणाले, "पडला." आणि दोघांनीही पडला म्हटल्यावर तो पडलाच, त्यास इलाज नव्हता. दरबारात ऐसी आरोळी उठली की वीज परत आल्याचे कोणास कळलेच नाही, आणि दोन्ही टीव्ही आपले खेळ एकटेच दाखवीत राहिले.

आत्यासाहेबांनी निवाडा दिला तो ऐसा: "आजचा सर्वांत उत्तम खेळ जाहला ते समयी दोन्ही यंत्रे बंद होती. म्हणोन या पिढीत दोन्ही सारखीच हलकी. शपथेप्रमाणे दोघांनीही राज्य सोडोन जावे, एकाच गाडीतून, वेशीपर्यंत, आणि येताना माझ्यासाठी बर्फाचा गोळा आणावा." दोघे गेले आणि गोळा वितळावयाचे आत परत आले. येणेप्रमाणे शपथही राहिली आणि मित्रही राहिले, आणि उभयतां शहाणे जाहले, आणि त्या दिवसापासोन आजतागायत त्या दोघांत काळे थोर की पांढरे हा शब्द पुन्हा म्हणोन निघाला नाही. इति...

"खोटं!" भागीरथीबाईंनी सूप खाली आपटिले. "धडधडीत खोटं! दैत्य पडला, न्हाव्याला काळोखात दिसलं, सगळं ऐकून घेतलं. पण शब्द निघाला नाही? अहो, काल दुपारी तुम्ही आणि सुभानराव इतके तंडत होता त्या काळ्या-पांढऱ्यावरून, की माझी झोप मोडली! तुम्ही पांढरं म्हणत होता, ते काळं म्हणत होते. आणि आता थांबा, जिन्यात पावलं वाजतायत. ते बघा, आलेच, दुसरी जॉयस्टिक काखेत मारून."