दुचाकी-आशीर्वाद समारंभ व तदनुषंगिक मारामारी

मारामारी ही रागाच्या भरात होणारी गोष्ट आहे, असा एक गैरसमज मारामारी न केलेल्या लोकांत पसरलेला आहे. राग फार बेभरवशाचा असतो. त्याच्यावर विसंबून सार्वजनिक कार्यक्रम पार पडत नाहीत. ओक्लाहोमातल्या ड्राय फोर्क गावाने हे वेळीच ओळखलं आणि आपली मारामारी दरवर्षी एप्रिलच्या शेवटच्या रविवारी, चर्चमागच्या मैदानात, आशीर्वाद समारंभाला जोडून ठेवली. त्यामुळे खुर्च्या एकदाच मांडाव्या लागतात.

त्या दिवशी गावातल्या यच्चयावत मोटारसायकली ओळीने उभ्या राहतात. पाद्रीबाबा एझ्रा गुडनाइट एकेका हँडलवर हात ठेवून, वर्षभर घसरू नये म्हणून प्रार्थना करतात. (ज्यांच्या गाड्या सुरूच होत नाहीत, त्यांनाही हा आशीर्वाद लागू आहे.) मग बाबा गिटार घेऊन गात-गात प्रवचन करतात. मग मारामारी. मग मोठ्या पातेल्यातली गरम चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा, मक्याच्या पावासोबत.

वादाचं मूळ पाठीवर आहे. गावात दोन मंडळं : 'रस्टी म्यूल्स', म्हणजे गंजकी खेचरं, आणि 'होली हॉर्नेट्स', म्हणजे पवित्र गांधीलमाश्या. दोघांच्याही बिनबाह्यांच्या कातडी जाकिटांवर, पाठीच्या खालच्या अंगाला, एक अर्धगोल पट्टी शिवलेली : 'ड्राय फोर्क'. आता एका मुलखाची पट्टी एकाच मंडळाने लावावी, असा या लोकांत दंडक आहे. मुलूख म्हणाल तर एक पेट्रोल पंप, दोन चर्च आणि एक बंद पडलेला सिग्नल. पण सिग्नल आमचा, असं दोघंही म्हणतात.

हार्लन स्टबलफील्ड हा म्यूल्सचा शिस्तप्रमुख. (वय सदुसष्ट. गुडघे दोन, पैकी चालू एक.) पहिला ठोसा मारणं हे शिस्तप्रमुखाचं काम. आणि हॉर्नेट्सचा अध्यक्ष डॅरल हा हार्लनचा सख्खा धाकटा भाऊ. तोही पूर्वी म्यूल्समध्येच होता. अकरा वर्षांपूर्वी एका मेजवानीत डॅरलने रात्रभर धुरावर जागून मांस भाजलं, आणि हार्लन सगळ्यांच्या देखत म्हणाला, "कोरडं झालंय." आठवड्याच्या आत डॅरलने हॉर्नेट्सची स्थापना केली. तेव्हापासून भावाभावांत बोलणं नाही. जो काही संपर्क, तो बुक्क्यांमार्फत.

इथपर्यंत सगळं रीतसर आहे. अडचण एवढीच, की हार्लनला प्रवचनाचा नाद आहे.

नाद लागावा असंच ते असतं. बाबा खालच्या सुरात सुरुवात करतात, हळूहळू चढवत नेतात, मधेच गिटार थांबवून नुसत्या टाळीवर एखादी ओळ अशी घोळवतात, की अंगावर काटा येतो. हार्लनच्या दंडावर गोंदलेल्या कवटीवरसुद्धा येतो. आख्यान दरवर्षी तेच. बाप गेल्यावर दोन भाऊ घरात खडूची रेघ मारतात. विहीर थोरल्याकडे जाते, चूल धाकट्याकडे. थोरला कच्चं खातो, धाकटा तहानेला राहतो, पण रेघ कुणी ओलांडत नाही. एका उन्हाळ्यात थोरल्याला पलीकडून कोरडा खोकला ऐकू येतो. तो उठतो, तांब्या भरतो, रेघेपाशी येतो, आणि...

या 'आणि'वर बाबा दीर्घ श्वास घेतात. सगळं मैदान शांत होतं. आणि एवढी शांतता पडली, की तिचा भंग करणं शिस्तप्रमुखाला भागच असतं. अकरा वर्षं डोळे पुसत-पुसत हार्लनने स्वतःच ठोसा हाणला आहे, आणि अकरा वर्षं त्याला कळलेलं नाही, की थोरला रेघ ओलांडतो की नाही.

यंदा त्याने मंडळाच्या बैठकीत विषय काढला. "या खेपेला प्रवचन संपल्यावर मारू."

"का?" अध्यक्ष बक टॉलिव्हर म्हणाला.

"पुढं काय होतं ते ऐकायचंय मला."

"चिली गार होईल, हार्लन."

"गार खाऊ."

"म्हातारा झालास तू."

"आणि तू काय, दात यायची वाट बघतोयस?"

ठराव बहुमताने संमत झाला. तो शत्रुपक्षाला कळवायचा कसा, हा प्रश्न नव्हता. हार्लनची बायको नोरीन आणि डॅरलची बायको वांडा चर्चच्या गायनमंडळात शेजारी-शेजारी उभ्या राहतात. (दोन्ही घरांत वैर आहे, हे त्यांना अधिकृतपणे कुणी कळवलेलं नाही.) नोरीन बुधवारी उत्तर घेऊन आली.

"डॅरल म्हणाला, चालेल. त्यालाही ऐकायचंय."

"आणखी काय म्हणाला?"

"कोरडं नव्हतं म्हणाला."

रविवार उजाडला. गाड्यांना आशीर्वाद झाला. चर्चने यंदा सर्वांना पांढरे बनियन वाटले होते, त्यांवर 'शांती' असं छापलेलं. ते सगळ्यांनी जाकिटाच्या आत घातले. बाबांनी आख्यान लावलं. थोरला उठला, तांब्या भरला, रेघेपाशी आला, आणि...

शांतता. कुणीही कुणाला मारलं नाही. बाबांनी श्वास घेतला. आणखी एक घेतला. हार्लन खुर्चीच्या टोकावर आला. बाबांनी तिसरा श्वास घेतला, आणि तेवढ्यात ओळीतली पहिली मोटारसायकल कलंडली, ती दुसरीवर, दुसरी तिसरीवर, आणि म्यूल्सच्या गाड्या हॉर्नेट्सच्या गाड्यांवर जाऊन पडल्या. परक्याच्या गाडीला नुसतं बोट लावणं हाही या लोकांत गुन्हा आहे. ठराव आपोआप रद्द झाला.

तरी कुणी घाई केली नाही. इस्पितळातले लोक जखम बघायला जाकिटावर सरळ कात्री चालवतात, म्हणून मारामारीआधी जाकीट काढून, घडी घालून, बायकोच्या हवाली करायची पद्धत आहे. दोन्ही बाजूंनी ती पाळली. आणि मग मैदानात उरली ती चाळीसेक सारखी पोटं, तितक्याच पांढऱ्या दाढ्या आणि तितक्याच छात्यांवर 'शांती'.

शत्रू कोण ते कळेना. विचारून मारावं, तर शिस्तीत बसत नाही. सबब सर्वांनी जवळच्याला मारलं. जखमी म्यूल्सपैकी तीन-चतुर्थांश म्यूल्सच्याच हातून जखमी झाले. हॉर्नेट्सचं प्रमाण याहून समाधानकारक आहे. बक टॉलिव्हरला त्याच्याच खजिनदाराने चिलीच्या डावाने बडवलं.

हार्लनच्या पाठीला एक पाठ लागली होती. पाठ चांगली होती, मागून कुणाला येऊ देत नव्हती.

"डावीकडून येतोय एक," पाठ म्हणाली.

हार्लनने डावीकडच्याला आडवा केला आणि मग आवाज ओळखला. "तू होय?"

"मीच."

"मारू का?"

"आत्ता नको. कमरेत लचक भरलीय."

दोघं एकमेकांना धरून लंगडत बाबांकडे गेले. बाबा गिटार मांडीवर घेऊन घाम पुसत होते.

"बाबा, पुढं काय होतं?" हार्लन म्हणाला. "थोरला रेघ ओलांडतो का?"

"पुढचं मी रचलेलंच नाही," बाबा म्हणाले. "कधी गरजच पडली नाही रे. आज सगळे गप्प बसलात, तेव्हा नुसते श्वासच घेत राहिलो."

(कलंडलेली पहिली गाडी बाबांच्या पायाजवळच उभी होती. चौकशी समितीने यावर भाष्य केलेलं नाही.)

"तुम्हीच सांगा दोघं," बाबा म्हणाले. "सांगाल ते पुढच्या एप्रिलला गातो."

हार्लनने विचार केला. "धाकट्यानं यावं ओलांडून. तहान त्याला लागलीय."

"थोरल्यानं यावं," डॅरल म्हणाला. "तांब्या त्याच्या हातात आहे."

नोरीन आणि वांडा जाकिटं घेऊन आल्या. दोघांनी आपापलं चढवलं, आणि चिलीचं पातेलं मधे ठेवून दोन बाजूंना बसले.

एक पाऊल टाकायला दोन म्हाताऱ्यांना बारावं वर्षही अपुरं पडलं, याचं वाचकांना हसू येणं साहजिक आहे. खरं तर ही गोष्ट तुमच्या भावालाही वाचून दाखवा, असं सुचवणार होतो. पण तुमचं सध्या बोलणं आहे की नाही, ते काही मला ठाऊक नाही.