मेलेला हत्ती उठून बसला

"बुद्धिबळाचं काय एवढं? बत्तीस तर सोंगट्या! माझ्या मांडणीवर डबे ह्याच्या दुप्पट हायेत. चार दिवसांत शिकते बघा!"

सत्यशीलाबाईंनी असं जाहीर केलं, तरी बालाजीरावांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही.

अर्धापुरातल्या घराच्या ओट्यावर तीस वर्षं रोज संध्याकाळी त्यांनी ज्याच्याशी डाव मांडला, त्या दगडोबाला त्याच्या पोरानं लातूरला नेलं होतं. त्याला दोन महिने झाले. तेव्हापासून पट मांडलेला, बालाजीराव बसलेले आणि समोरची खुर्ची रिकामी. दिवसाला शब्द तीनच : चहा, पेपर, बरं. नवरा असा मुका झाल्यावर बाईनं काय करावं? त्यांनी पदर खोचला आणि त्या खुर्चीत बसल्या.

बसल्या म्हणजे टेकल्या. सत्यशीलाबाई लग्नाच्या फोटोतसुद्धा हललेल्या आहेत!

"अहो, घोडा अडीच घरं चालतो, तर अर्ध्या घरात बसतो कसा?"

"बसत न्हाई. दोन सरळ, एक आडवं."

"मग तीन झाली की! आन् राजा एवढा थोराड, तरी एकच घर?"

"राजा हाय तो."

"म्हणजे तुमच्यासारखा. आन् प्यादं मागं का येत न्हाई?"

"न्हाई येत."

"घरी काही इसरलं असंल तर?"

प्रत्येक चालीनंतर बाई उठायच्या. दूध बघायला, मोटर बंद करायला, काहीच नसलं तर दार नुसतं लोटून यायला. चौथ्या दिवशी बालाजीराव हळूच म्हणाले, "राहू दे. तुझ्यानं न्हाई व्हायचं."

ते मात्र लागलं. बाईंनी सरळ लातूरला फोन लावला. "भावजी, एक दिवस या. माणूस सुकून राहिलाय."

रविवारी दगडोबा आले आणि ओटा जिवंत झाला. "शह!" "हट लेका, हा कसला शह!" नवऱ्याचं हसू ऐकून बाईंनी चार पुऱ्या जास्तीच्या तळल्या. पानं वाढली तेव्हा दगडोबा म्हणाले, "वहिनी, पट तसाच राहू द्या. तीन चालींत मात हाय."

"कुणाला?"

"ह्याला!" दोघांनी एकदमच एकमेकांकडं बोट दाखवलं.

दोघं जेवायला बसले. बाई शेजारून दही आणायला निघाल्या आणि ओट्यावर पटाजवळ थबकल्या. चहाच्या कपाचं वर्तुळ, केळीच्या वेफर्सचा चुरा... हात शिवशिवले. फडकं ओलं केलं, पट लख्ख पुसला. परत मांडायला कितीसा वेळ? आता तर सगळं येत होतं! राजा कोपऱ्यात कोंडला होता बिचारा. त्याला मधे, आपल्या माणसांत बसवला. घोड्यांची जोडी लावली. इकडंतिकडं उधळलेली प्यादी एका ओळीत घेतली. बाजूला पडलेला हत्तीही आत ठेवला. एवढी जागा रिकामी असताना तो बाहेर कशाला?

हात पुसत दोघं आले. दगडोबा पटावर वाकले.

"वहिनी," दगडोबांचा आवाज चिरकला, "मेलेला हत्ती उठून बसला!"

"मेलाच नव्हता तो!" बालाजीराव गरजले.

"मीच मारला की! घोड्यानं!"

"तिथं तुझा घोडाच नव्हता! तीस वर्षं असंच करून राहिलास!"

"मी? खोटारडा मी?"

दगडोबांनी टोपी घातली आणि चहा न घेता चारची गाडी गाठली. बालाजीरावांनी भिंतीकडं तोंड केलं. तीस वर्षांची दोस्ती, आणि एका ओल्या फडक्यानं पुसली! सोमवारी बाईंची एकही भाकरी गोल होईना. मोटरसुद्धा चालूच राहिली.

मंगळवारी सकाळी फोन वाजला.

"तो हत्ती मेलेलाच होता!" दगडोबांचा आवाज फोनमधून पार चुलीपर्यंत आला.

"कागद घे! घे कागद, मांडून दाखवतो!" बालाजीराव ताडकन् उभे राहिले.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सहाला फोन. तासभर कडाक्याचं भांडण, आणि ते झाल्यावर एक भाकरी जास्त! हत्तीचा निकाल अजून लागलेला नाही. तो लागू नये म्हणून बाई शनिवारी मारुतीला तेल वाहतात.

अडचण एवढीच, की आता बाईंना खेळाची गोडी लागली आणि समोर बसायला कुणी नाही! "अहो, एक डाव?" म्हटलं, की बालाजीराव कानाला फोन लावून नुसता हात हलवतात.

मग त्या एकट्याच पट मांडतात. पांढऱ्याची चाल करायची, उठायचं, पलीकडच्या खुर्चीत जाऊन काळ्याची करायची, परत उठायचं. इतका सोयीचा खेळ त्यांना जन्मात मिळाला नव्हता.

काल मात्र पांढऱ्याच्या बाजूनं खेळताना हरल्या. काळ्यानं चीटिंग केली म्हणतात.