एका मिलीवॅटची मोहीम

सकल सृष्टीत उजेड पुष्कळ, परंतु तो नेमका किती, हे विचारणारे थोडे, आणि विचारून उत्तराची वाट पाहणारे त्याहून थोडे. अशा थोड्यांपैकी एका थोर पुरुषाने एका अत्यंत बारीक किरणावर कशी चढाई केली, कोणाच्या नाकी नऊ आले, शत्रू कोठे दडला होता आणि अखेर यश कोणत्या दाराने आले, ते यथास्थित लिहावे अशी आज्ञा जाहली. बखरकाराने आज्ञा शिरसावंद्य मानून लेखणी उचलली. सरकारांस जे गैरसोयीचे तेही लिहावे, असा खास हुकूम असल्याने काही झाकले नाही.

लांब बोळाच्या टोकाशी दोन खोल्यांचा कारखाना. तेथे लेसर घडवावे आणि मोजून, पारखून गिऱ्हाइकाचे हवाली करावे, हा शिरस्ता. घडवण्याची सुभेदारी धाकट्या बाईंकडे आणि मोजण्याची त्यांचे वडीलबंधू थोरले सरकार यांजकडे. जो घडवील त्याने आपला किरण आपण मोजू नये, हा कायदा सरकारांनीच केला आणि तो बहुत चांगला कायदा होता. त्यांचे मुख्य शस्त्र म्हणजे काळ्या तोंडाचा मापक. नाण्याएवढी काळी चकती, तीवर किरण पडावा, चकती तापावी आणि किती तापली यावरून शेजारच्या डबीने आकडा बोलावा. सरकारांचा या चकतीवर इतका भरवसा की, घरातल्या घड्याळावरही तितका नव्हता. आजवर तिजपुढे जे किरण आले ते सारे दांडगे, पत्रा चिरणारे, आणि त्या सर्वांची तिने बिनचूक गणती केली.

यंदा मात्र प्रकरण निराळे उपस्थित जाहले. डोळ्यांच्या एका डॉक्टरांनी मागणी केली की, रोग्याच्या डोळ्यात क्षणभर सोडता येईल असा मंद तांबडा किरण पाहिजे, आणि त्याचे बळ एका मिलीवॅटच्या आत असावे. सरहद्द ओलांडली तर माल परत. धाकट्या बाईंनी हे काम अंगावर घेतले आणि जेवणखाण विसरून तो किरण जन्मास घातला. स्वतःच्या अकलेने पहिल्यापासून शेवटपर्यंत घडवलेला त्यांचा हा पहिलाच. त्यांनी वहिनीसाहेबांस एवढेच सांगितले होते, "हा पास झाला तर मी या टेबलावर राहीन. नाही झाला तर चष्म्याच्या दुकानात काचा घासायला जाईन, ते तरी जमेल." वहिनीसाहेब कारखान्याचा पत्रव्यवहार पाहत. त्यांनी ही गोष्ट मनात ठेवली.

मग डॉक्टर यावयाच्या दिवशी सकाळी सरकारांनी मोहिमेस आरंभ केला. आधी किरण झाकून, लांब उभे राहून, आकडा शून्यावर आणला, कारण मोजण्यापूर्वी शून्य साधणे हा त्यांचा नित्यनेम. आणि मग किरण सोडला आणि सरकार आकडा वाचण्यास पुढे सरसावले. येथे एक नाजूक बाब लिहिणे प्राप्त आहे. सरकारांस लांबचे नीट दिसत नसे, आणि चष्मा होता, परंतु तो खणात असे, कारण चष्मा लावणारा मापनप्रमुख लोकांस कसा दिसेल, ही त्यांस चिंता. यास्तव ते डबीवर ओणवे होऊन, नाक आकड्यास टेकेल इतके जवळ जाऊन वाचीत. आणि डबीच्या लगत चकती, तिच्या अगदी जवळ सरकारांचे पोट.

आकडा आधी शून्य दशांश आठ दिसला, मग हळूहळू नऊ, आणि पाहता पाहता एकाची सरहद्द ओलांडून पुढे गेला. सरकारांच्या तोंडचे पाणी पळाले. तात्काळ हुकूम निघाला की, किरणास स्थैर्य नाही, सबब किरणाची पेटी खोलावी. बाईंनी पेटी खोलली, स्क्रू आवळले, आरसे पुसले, पेटी मिटली. पुन्हा मोजणी, पुन्हा तेच. दुसरा हुकूम की, वाऱ्याने चकती बिचकते, करिता पंखे बंद, एसी बंद, खिडक्या बंद, पडदे खाली. तिसरा हुकूम की, साक्षीदार पाहिजेत, करिता वहिनीसाहेब आणि खोकी बांधणारे काका यांनी जवळ येऊन आकडा पाहावा. मग चार जीव त्या कोंडलेल्या खोलीत एका चकतीभोवती घाम गाळीत उभे राहिले, आणि आकडा मोठ्या ऐटीत एक दशांश तीनपर्यंत चढला. काकांनी हळूच विचारले की, हा अजून किती चढणार. सरकारांनी त्यांस गप्प राहण्याची आज्ञा केली.

आणि विपत्ती एकटी न येता दुसरीस घेऊन आली. बळ मोजावे तसे किरणाचे रूपही पाहावे, म्हणून सरकारांनी करड्या काचेआडून कॅमेरा लावला. त्या काचेने उजेड कमी करून घ्यावा आणि पडद्यावर किरणाचा ठिपका स्वच्छ गोल, मधे उजळ, कडेला विरत गेलेला दिसावा. परंतु दिसले काय, तर ठिपक्यावर वाकड्यातिकड्या वळ्या. तेव्हा सरकारांचा संताप अनावर जाहला आणि सर्वांदेखत त्यांच्या मुखातून जे निघाले ते हुकमाच्या भाषेत घालता येत नाही, सबब जसेच्या तसे:

"तुझ्या हातालाच स्थैर्य नाही, त्याला मी काय करणार?"

बाईंनी हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला आणि आपले हात ॲप्रनच्या खिशात घातले. वहिनीसाहेबांनी सरकारांकडे जे पाहिले, त्याने दुसरा कोणी असता तर तेथेच शरण गेला असता.

इतक्यात डॉक्टरांची स्वारी दाखल जाहली. सरकारांनी जड अंतःकरणाने निवेदन केले की, किरण मर्यादेत राहत नाही, तो देणे उचित नव्हे, कारखान्यास खेद आहे. डॉक्टर म्हणाले की, स्वतः पाहतो, आणि तेही ओणवे जाहले. आकडा एक दशांश चार. आता बोलण्यासारखे उरले नव्हते. बाई पुढे आल्या आणि पेटी बंद करण्यापूर्वी सवयीने एक पुठ्ठ्याचा तुकडा किरणाच्या वाटेत धरला. किरण अडला. चकती काळोखात पडली. आकडा खाली आला, आणि शून्यावर न जाता शून्य दशांश सहावर थांबून राहिला.

बाईंनी पुठ्ठा तसाच धरून ठेवला. खोलीत कोणी हलेना.

"दादा, तू जरा मागे हो."

सरकार मागे जाहले. आकडा उतरू लागला.

"डॉक्टर, तुम्हीही. वहिनी, काका, तुम्हीही या इकडे."

फौज मागे हटली. आकडा शून्याच्या घरात जाऊन बसला.

"आता तू एकटा पुढे ये."

सरकार पोटासह पुढे जाहले आणि आकडा त्यांस मुजरा केल्यागत उठून उभा राहिला. किरण तर पुठ्ठ्याआड होता. तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, "दादा, हा किरण नाही. हा तू आहेस."

येणेप्रमाणे शत्रूचा शोध लागला. दांडग्या किरणांपुढे माणसाच्या अंगाची ऊब कोणाच्या गणतीत नव्हती. या मंद किरणापुढे तीच भारी पडली, आणि सरकार सकाळपासून आपलेच पोट मोजून बहिणीस दोष देत राहिले. बाईंनी मग करडी काच हलकेच फिरवली. काचेसोबत वळ्याही फिरल्या. म्हणजे त्या किरणाच्या नव्हत्या, काचेच्या होत्या. काच उजेडात धरली तर तीवर अंगठ्याचा रुंद, तेलकट ठसा. बाई हातमोज्याविना काचेस शिवत नसत, वहिनीसाहेब काचेच्या वाटेस जात नसत. सर्वांनी सरकारांच्या अंगठ्याकडे पाहिले, आणि सरकारांनीही पाहिले. काच पुसून लावताच पडद्यावर ठिपका असा गोल उमटला की, काका नकळत टेबलावर वाकले आणि लगेच मागे खेचले गेले.

डॉक्टरांनी विचारले, "चष्मा नाही का तुम्हाला?"

"आहे," सरकार म्हणाले. "खणात."

मग सरकारांस पश्चात्ताप बहुत जाहला, आणि तो त्यांनी खाली मान घालून पण सर्वांस ऐकू जाईल असा बोलून दाखवला. "चुकलं माझं. हात तुझे बरे आहेत. मीच जाग्यावर नव्हतो." बाई म्हणाल्या की, ते नंतर बोलू, आधी मोजणी होऊ दे. यावर मसलत बसली. मोजावे कोणी? बाईंनी मोजावे तर कायदा मोडतो, सरकारांनी मोजावे तर चकती तापते. अखेर ठरले की, डबीची तार लांब करून ती पलीकडच्या भिंतीशी न्यावी, आकडा डॉक्टरांनी वाचावा, बाईंनी फक्त किरण झाकावा आणि उघडावा. एसी सुरू करावा आणि खोली निवू द्यावी. आणि सरकारांनी, ज्यांचे आकारमान सर्वांत मोठे, त्यांनी दाराबाहेर मुक्काम करावा.

सरकार बाहेर गेले. दाराच्या काचेतून त्यांस आकडा दिसत नव्हता, बाईंची पाठ तेवढी दिसत होती. इतक्या वर्षांत कारखान्यातला एकही आकडा त्यांच्या नजरेखालून गेल्याविना कागदावर चढला नव्हता, आणि आता ते बोळात उभे राहून बहिणीच्या खांद्यांवरून अदमास बांधीत होते. बाईंनी किरण झाकला, थांबल्या, उघडला, थांबल्या. पुन्हा झाकला. त्यांनी घाई केली नाही. सरकारांच्या ध्यानी आले की, एवढ्या धीराने आपण स्वतः आजवर कधी थांबलो नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले आणि ते पुसण्यास त्यांनी तोच अंगठा वापरला.

दार उघडले. बाई म्हणाल्या, "शून्य दशांश आठ. प्रत्येक वेळी आठ. डॉक्टर घेऊन जातायत."

सरकारांनी मान हलवली आणि आज्ञा केली की, ही हकीकत बखरीत दाखल व्हावी. बखरकाराने अदबीने विचारले की, फत्ते कोणाच्या नावे लिहावी, आणि सेनापतीचे ठिकाण रणांगणी कोठे दाखवावे. उत्तर जाहले की, फत्ते धाकट्या बाईंची, आणि सेनापती दाराबाहेर. बखरकाराने विनविले की, माघारीस फत्ते म्हणण्याची चाल नाही. तरी तोच हुकूम कायम जाहला.

सबब लिहिले की, थोरले सरकार हटले तेव्हा किरण मर्यादेत आला. दुसऱ्या दिवशी बाई नेहमीच्या वेळी आपल्या टेबलावर हजर होत्या.